मेश वायफाय आणि स्मार्ट उपकरणं: २.४ ला कायमचं वेगळं नाव द्यावं की नको?

गच्चीवरचा अँटेना
मेश (घरभर ठेवलेले दोन-तीन राउटर, म्हणजे नोड, मिळून पसरवतात ते एकच वायफाय) बसवलं की प्लग, बल्ब, गीझरचा स्विच जोडताना अडतात, ही तक्रार आता सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीची झाली आहे. माझं मत स्पष्ट आहे: या उपकरणांसाठी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या लहरींचे मुख्य पट्टे, म्हणजे बँड, दोन: २.४ आणि ५) चालणारं वायफायचं वेगळं नाव करा आणि ते कायम ठेवा. स्वस्त प्लग-बल्बमध्ये ईएसपी ८२६६ सारखी चिप असते, तिला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. मेशमध्ये दोन्ही बँडना एकच नाव, मोबाईल ५ वर बसलेला, आणि अ‍ॅप ‘उपकरण सापडलं नाही’ म्हणत राहतं. वेगळ्या नावावर सुरक्षा डब्ल्यूपीए २ (जुनी पद्धत, जुन्या उपकरणांना झेपणारी) ठेवा, मुख्य नावावर डब्ल्यूपीए ३ खुशाल चालवा. दहा बल्बांपायी लॅपटॉपची सुरक्षा खाली का आणायची?

परळ पूर्व
साफ असहमत. जोडणीची अडचण पाच मिनिटांची असते, त्यासाठी कायमचं नाव वाढवणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर.

नेमकं अडतं कुठे ते बघा. अ‍ॅपच्या ‘झटपट’ पद्धतीत मोबाईल पासवर्ड हवेत पॅकेटच्या लांबीतून पाठवतो आणि उपकरण २.४ वर कान लावून बसतं. मोबाईल ५ वर असेल तर ती पॅकेटं २.४ वर पोचतीलच याची खात्री नाही. काही राउटर ती पलीकडे पाठवतात, मेश बऱ्याचदा गाळून टाकतं. एकदा पासवर्ड मिळाला की उपकरण त्याच नावाखालचं २.४ आपलं आपण शोधतं. नंतर बँडचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून झटपट पद्धत सोडा, एपी पद्धत वापरा: तीत उपकरण स्वतःचं तात्पुरतं वायफाय सुरू करतं आणि मोबाईल त्याला जोडून पासवर्ड देतो. टुया कंपनीच्या यंत्रणेवर चालणाऱ्या प्लगवर बटण पाचेक सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकेल. पुन्हा तसंच दाबा, सावकाश लुकलुकायला लागला की एपी पद्धत सुरू झाली. वायफायच्या यादीत ‘स्मार्टलाइफ’ने सुरू होणारं नाव येईल, मोबाईल त्याला जोडा. ‘इंटरनेट नाही’ असा इशारा येईल, तरी जोडलेलंच राहा. आणि मोबाईल डेटा आधी बंद करा. बहुतेकांचं इथेच फसतं: इंटरनेट नाही म्हटल्यावर अँड्रॉइड गुपचूप डेटावर जातो आणि पासवर्ड प्लगपर्यंत पोचतच नाही. ब्लूटूथ असलेल्या नव्या उपकरणांना एवढंही करावं लागत नाही.

शिवाय प्रत्येक नाव, प्रत्येक नोडवरून, सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, तीही सगळ्यात संथ गतीने. टॉवरमध्ये शेजाऱ्यांच्या नावांनी २.४ आधीच तुंबलेलं असतं, त्यात आपण आणखी भर घालायची?

खाडीकाठ
तुम्ही दोघंही नावावर भांडताय, पण उपकरण रोज ‘ऑफलाइन’ दिसण्याचं कारण बहुतेकदा नोड असतो.

नव्या टॉवरमध्ये मिवान शटरिंग असतं, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसून सळई घातलेल्या काँक्रीटच्या. दोन भिंती ओलांडल्या की २.४ चाही जीव जातो. आता वीज जाऊन आली असं धरा. बल्ब काही सेकंदांत जागा होतो, मेशला दोन-तीन मिनिटं लागतात, त्यातही हॉलमधला मुख्य नोड आधी उठतो. बेडरूममधला प्लग त्या लांबच्या नोडला चिकटतो आणि नंतर शेजारचा नोड सुरू झाला तरी सोडत नाही. मोबाईल जसा फिरता फिरता नोड बदलतो तसं हे प्लग सहसा करत नाहीत.

मेशच्या अ‍ॅपमध्ये त्या प्लगचा सिग्नल बघा. उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा वाढला की सिग्नल कमजोर) आसपास असेल तर उत्तम. उणे ७५ च्या खाली गेला की तुटातूट ठरलेली. मेश पूर्ण उठल्यावर तेवढाच प्लग बंद-चालू करा, किंवा सोय असेल तर अ‍ॅपमधून त्याला जवळच्या नोडशी बांधून टाका. ‘फास्ट रोमिंग’ (चटकन नोड बदलण्याची सोय) चालू असेल तर बंद करून बघा, जुन्या चिपांना ते झेपत नाही.

गच्चीवरचा अँटेना
खाडीकाठ, नोडचा मुद्दा बिनतोड. पण परळ पूर्व, तुमची एपी पद्धत एका प्लगला ठीक आहे. वीस उपकरणं असलेल्या घरात मुख्य पासवर्ड बदलायची वेळ आली, भाडेकरू गेला किंवा पासवर्ड भलत्याच हातात पडला, तर? वीसच्या वीस पुन्हा जोडायची, त्यातले चार बल्ब स्टुलावर चढून. वेगळं नाव असेल तर मुख्य पासवर्ड हवा तेव्हा बदला, उपकरणांना पत्ताही लागत नाही.

दवंडीबद्दल म्हणाल तर दोन नोडच्या घरात एका जादा नावाचा भार फारसा जाणवत नाही. त्याहून जास्त नुकसान २.४ वर चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवल्याने होतं. ती २० करा आणि जमत असेल तर १, ६ किंवा ११ यांतलं सगळ्यात मोकळं चॅनेल घ्या.

चेंबूर नाका
वेगळं नाव हवं म्हणून बरेच जण गेस्ट नेटवर्कच (पाहुण्यांसाठीचं वायफाय) वापरतात, ते मात्र करू नका. गेस्टमधलं उपकरण मुख्य नेटवर्कशी बोलू शकत नाही. प्लग क्लाउडवरून चालेल, पण इंटरनेट गेलं की घरात बसूनही अ‍ॅपवरून बंद करता येणार नाही. मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट होणार नाही, मॅटरची (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांचं समाईक मानक) उपकरणं तर अडूनच बसतील, कारण त्यांना कंट्रोलर एकाच नेटवर्कवर दिसावा लागतो. टीपी-लिंकच्या डेको मेशच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्मार्ट उपकरणांसाठी आयओटी नेटवर्क वेगळं मिळतं, ते वापरा आणि बँड फक्त २.४ निवडा. गूगल नेस्टच्या मेशमध्ये बँड वेगळे करताच येत नाहीत, तिथे परळ पूर्व यांचाच मार्ग.

आणखी एक: दारावरच्या फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलंय का? ते चालू राहिलं आणि मेश राउटर मोडमध्ये असलं तर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात. मोबाईल एकावर, प्लग दुसऱ्यावर. बँड बरोबर असूनही काही दिसत नाही. मोबाईल आणि प्लगचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्यांचा क्रमांक) एकाच मालिकेतला आहे का, हे आधी तपासा.

परळ पूर्व
पासवर्डचा मुद्दा मान्य, तो वजनदार आहे. तरी सरसकट सल्ला म्हणून मी वेगळं नाव सुचवणार नाही. पाच-सात उपकरणांच्या वन बीएचकेत एकच नाव पुरेसं आहे. झटपट पद्धतच वापरायची असेल तर अ‍ॅपमधून ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करा, जोडा, परत चालू करा. मुख्य नावावर फक्त डब्ल्यूपीए ३ ठेवलं असेल तर मात्र जुनं उपकरण काही केल्या जोडलं जाणार नाही, तिथे वेगळं नाव लागेलच.

आणि ज्यांना वेगळं नाव करायचंच आहे त्यांनी नवीन नाव शोधत बसू नये. जुन्या राउटरचं नाव आणि पासवर्ड, अक्षरं लहान-मोठी धरून जसंच्या तसं, या २.४ च्या नेटवर्कला द्या. सुरक्षाही डब्ल्यूपीए २. आधीची उपकरणं आपोआप जोडली जातात, एकालाही हात लावावा लागत नाही. जुना राउटर मात्र आधी बंद करा.

खाडीकाठ
हे सगळं करूनही एखादा भिंतीतला स्विच तुटत असेल तर बोर्डामागचा डबा बघा. कन्सील वायरिंगमध्ये तो बऱ्याचदा लोखंडी असतो आणि सिग्नल मागून पूर्ण अडतो, समोरच्या प्लेटमधून जेवढा येईल तेवढाच. अशा वेळी नोड बोर्डाच्या समोरच्या बाजूला हलवा, पाठीमागच्या खोलीत ठेवून उपयोग नाही. गीझरसाठी प्लग घेताना १६ अँपिअरचाच घ्या. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर ओढतो, १० अँपिअरचा प्लग त्यावर तापून वितळेल, मग बँड कुठलाही असो.