मदत हवी आहे: चांगलं तपकिरी पाणी दीड महिन्यात निळसर हिरवं का झालं?

नमस्कार मंडळी, पालघर तालुक्यात खाडीकाठच्या खाजणात आमचे दोन तलाव आहेत, वनामी कोळंबी करतो. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मोठ्या तलावात (अर्धा हेक्टर) दीड लाख बीज सोडलं त्याला आज ५८ दिवस झाले. सुरुवातीला पाण्याचा कलर मस्त कोऱ्या चहासारखा होता, म्हणजे डायटम (तपकिरी रंगाचं सूक्ष्म शेवाळ), सेकी डिस्क (पाणी किती गढूळ ते बघायची चकती) ३५-४० सेंटीमीटरला दिसेनाशी व्हायची, सगळं झकास. मग पाऊस लागला, क्षारता १८ पीपीटीवरून (लिटरला ग्रॅम) ७ वर आली, आणि पाणी हिरवं होत होत आता वारा जिकडे ढकलतो त्या कोपऱ्यात ऑइल पेंट सांडल्यासारखी साय जमते. पीएच सकाळी ८, संध्याकाळी ९.२, चेक ट्रेत (कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात ठेवलेला ट्रे) खाद्य उरतंय. काल चार कोळंब्या उकडून बघितल्या तर ओल्या मातीचा वास, बायकोने पहिलाच घास थुंकला.

आता माझा हिशोब. शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस १६ ला १ लागतो असं वाचलं (अणूंच्या मोजणीत, रेडफिल्ड रेशो). माझं खाद्य ३५ टक्के प्रथिनवालं, म्हणजे १०० किलोत ५.६ किलो नायट्रोजन, फॉस्फरस सव्वा टक्क्याच्या आसपास धरला तर अणूंच्या हिशोबात जेमतेम १० ला १ निघतं. त्यात तलाव तयार करताना कलर येईना म्हणून शेजारच्या अण्णांच्या सांगण्यावरून डीएपी मारलं होतं, त्यात तर २ ला १. म्हणजे मी सुरुवातीपासून फॉस्फरसच ओततोय आणि हवेतला नायट्रोजन खेचणाऱ्या निळ्या शेवाळाला पायघड्या घालतोय, बरोबर ना? टेक्निशियन म्हणतो गूळ वाढवा. पण गुळावर जिवाणू वाढणार, ते अमोनिया खाणार, म्हणजे नायट्रोजन अजून कमी! सोडियम नायट्रेटचं एक पोतं आणून ठेवलंय. टाकू का?

खाडीकाठचा: दादा, हिशोब चांगलाय, उलट कोळंबी अंगात नायट्रोजन जास्त घेते त्यामुळे पाण्यात उरलेला रेशो १० च्याही खाली जाणार. पण दोन गोष्टी सुटल्या. एक, सिलिका. डायटमला कवचासाठी जवळजवळ नायट्रोजनइतकीच लागते आणि खाद्यातून ती नगण्य येते, पहिल्या भरण्याच्या पाण्यातली संपली की डायटम बसले. वरून पडणाऱ्या पावसात पण नसते. पावसाळ्यात खाडीच्या पाण्यात नदीतून भरपूर येते, पण ते थेट घेऊ नका, व्हाइट स्पॉट (कोळंबीचा विषाणूचा रोग) घरात आणाल, रिझर्व्हॉयरमध्ये ब्लीचिंग करून क्लोरीन उडाल्यावरच. दुसरं, सगळं निळं शेवाळ हवेतला नायट्रोजन खेचत नाही. एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा, धाग्यात मधेमधे जाड भिंतीची वेगळी पेशी (हवेतला नायट्रोजन खेचणारी) दिसली तर तुमची थिअरी खरी. आणि गूळ बंद करू नका, ९.२ पीएचला अमोनिया जास्त विषारी असतो.

मीठभाकर: काहीही करा पण मोरचूद मारू नका!! आमच्याकडे एका रात्रीत ब्लूम (दाट वाढलेलं शेवाळ) मेला, पहाटे ४ ला ऑक्सिजन १.५, कोळंबी काठाला येऊन पडली. मधल्या ड्रेनमधून गाळ काढा आधी, तळाला ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस परत वर येतो.

मी (धागाकर्ता): धन्यवाद दोघांना. गावातल्या शाळेच्या सरांकडे मायक्रोस्कोप होता, आत्ताच बघून आलो. सरळ सरळ धागे, सगळ्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकसारख्या, जाड पेशी एकही नाही, आणि धागे काचेवर चक्क सरकत होते. सर म्हणाले ऑसिलेटोरिया असावं. म्हणजे माझा अर्धा हिशोब पाण्यात गेला. मग नायट्रेटचं पोतं दुकानात परत करू का, की सोडियम सिलिकेटबरोबर थोडं थोडं दिलं तर डायटम परत येतील? सिलिकेटने पीएच अजून चढेल ही भीती आहेच. कोणी या क्षारतेला करून बघितलंय का?