अनुभव धागा : लकव्यानंतर हात परत हलायला लागला तेव्हा

वडगावची लेक
काल माळ्यावरून दिवाळीचे डबे काढताना बाबांचा आरसा हाताला लागला आणि तिथंच शिडीवर बसून राहिले मी. २०१६ चा श्रावण. सकाळी चहा घेताना बाबांच्या उजव्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं, जीभ जड. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकलेली म्हणून उजवं अंग गेलं. पाय दीड महिन्यात टेकायला लागला पण हात नुसता लोंबत होता. आणि बाबा म्हणजे जन्मभर मागावर बसलेला माणूस, आधी हातमाग मग पॉवरलूम. बेळगावच्या शहापूर-वडगावात ज्यांनी माग बघितलाय त्यांना सांगायला नको की विणकराचा हात म्हणजे काय.

फिजिओ मॅडमनी सांगितलं म्हणून सुताराकडून दीड फुटी आरसा पाट लावून उभा करून घेतला. आरसा छातीसमोर मधोमध ठेवायचा, आजारी हात त्याच्या मागं झाकायचा, चांगला हात पुढं. डाव्या हाताची मूठ उघडमीट करायची आणि बघायचं आरशातच, म्हणजे मेंदूला वाटतं उजवाच हलतोय. मेंदूचा अभ्यास करणारे डॉ. रामचंद्रन यांनी ही युक्ती मुळात हात कापावा लागलेल्या लोकांच्या दुखण्यासाठी काढली, लकव्याला नंतर वापरायला लागले. बाबा पहिले आठ दिवस रागानं तोंड फिरवून बसायचे. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी आरशामागं अंगठा हलला, इतकासाच. आईला हाक मारली तर ती पिठाच्या हातानंच पळत आली.

सुताची गाठ मारायला मात्र दिवाळी उलटून गेली. धाग्याची दोन टोकं अंगठ्याखाली धरायची, धागा निसटायचा, परत धरायची.

शेजारच्या काकूंना महिन्यापूर्वी झटका आलाय, डावा हात. त्यांच्या सुनेला वाचून दाखवणार आहे, तुमच्याकडं काय काय केलंत लिहा.

निपाणीकर
हात धरून ओढू नका हे आधी सांगा त्यांना!! आमच्या आत्याला उठवताना आम्हीच दोघं काखेत हात घालून उचलायचो, महिन्यात खांदा सांध्यातून खाली उतरला. स्नायूच ढिले पडलेले असतात, हाताचं वजन पेलत नाही खांद्याला. फिजिओ आला नि आधी आम्हालाच रागावला. मग बसताना हाताखाली उशी, चालताना झोळी. आत्या विडी वळायची, रोजची हजार सहज. बोटं जरा हलल्यावर तिनं स्वतःच सूप मागितलं मांडीवर. तंबाखू नाही हं, नुसती पानं. पान कापायचं, गुंडाळायचं, टोक दुमडायचं. रबरी चेंडू दाबून कंटाळलेली बाई पानं मिळाल्यावर तास तास बसायला लागली.

खानापूर रोड
आमचं उशीर झाल्यामुळं गेलं. अप्पांना सकाळी झालं, घरातली मोठी माणसं म्हणाली गावठी औषध देणारा आहे, कबुतराचं रक्त चोळतात, तिकडं जीप नेली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. तोंड वाकडं, हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, की सरळ १०८. अप्पांचा हात आला नाही. एवढंच लिहितो.

वडगावची लेक
@खानापूर रोड दादा, तुम्ही लिहिलंत ते फार मोठं आहे. हे सगळ्यात आधी वाचून दाखवीन.

चिकोडीची सून
मुलगा झोपलाय तेवढ्यात लिहिते. सासूबाईंचा डावा गेला, उजवा चांगला, मग सगळं उजव्यानंच. फिजिओ म्हणाले असं केलं की मेंदू डाव्याला विसरूनच जातो, चांगल्या हाताला मोजा घाला. सकाळी कामं आटोपली की दोन तास उजव्याला जाड लोकरी मोजा. वाटाणे सोल, डबा उघड, पदर सारखा कर, सगळं डाव्यानं. चिडायच्या, रडायच्या, एकदा मोजा चुलीत टाकला 😄 पण एक गोष्ट सांगते, बोटं थोडी तरी उघडत असतील तरच हे जमतं, अजिबात हालत नसेल तर नुसता छळ होतो. सहा महिन्यांनी भाकरी थापली. एका बाजूला जाड झाली, मामंजींनी तीच मागून घेतली.

अनगोळकर
आमचे फिजिओ कन्नड आणि आजी शुद्ध मराठी, बेळगावात राहून कन्नडचा एक शब्द नाही. ते म्हणायचे "कै एत्त्री, इन्नोंद सल", म्हणजे हात वर करा, अजून एकदा. आजी हात वर करून विचारायची, झालं का रे बाळा? शेवटी शेवटी आजीच नातवंडांना "इन्नोंद सल" म्हणून जेवायला घालायची 😂

उचगाव
बोटं आत वळून मूठ घट्ट बसते त्याला काय केलंत कुणी? वडिलांची नखं तळव्यात रुततात.

निपाणीकर
@उचगाव रोज सावकाश ताणायचं, मनगट आधी मग बोटं, हिसका नाही. रात्री पट्टी बांधतात बोटं सरळ ठेवायला. आत्याला शेवटी स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं, बोटॉक्स. तीन एक महिने असर राहतो, त्या दिवसात व्यायाम जोरात करून घ्यायचा. मेंदूच्या डॉक्टरांना विचारा. आणि नखं कापताना मनगट खाली वाकवा, मूठ आपोआप सैल पडते.

उचगाव
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ताच करून बघितलं, उघडली.

टिळकवाडी
हात सोडून लिहितोय, माफ करा. काकांचं बोलणं गेलं होतं, फक्त "होय" यायचं. एकादशीला भजनाला नेऊन बसवलं तर अख्खा अभंग म्हटला, आम्ही सगळे गप्प. गाणं मेंदूत दुसऱ्या बाजूनंही येतं म्हणतात. टाळ मात्र अजून एकाच हातात धरतात, दुसरा शेजारचा वाजवतो.

चिकोडीची सून
@टिळकवाडी डोळ्यात पाणी आलं हो. कुठल्या मंडळाचं भजन?

टिळकवाडी
आमच्या गल्लीचंच, आठ-दहा जण. या एकदा, कुंदा खाऊन जावा.

वडगावची लेक
काकूंच्या सुनेला दुपारी सगळं वाचून दाखवलं. बाबांचा आरसा पुसून तिकडं नेऊन ठेवला. बाबा स्वतः आले सोबत, खुर्ची कशी लावायची ते काकूंना दाखवायला. काकू म्हणाल्या यात माझा हात कुठाय? बाबा म्हणाले, मागं आहे, तुम्ही पुढं बघा.