मदत हवी आहे: कॅरॅव्हॅन, कुत्री आणि आयर्लंडची बोट

मंडळी, जूनमध्ये श्टुटगार्टहून कॅरॅव्हॅन घेऊन 5 आठवडे आयर्लंडला निघतोय. सोबत चिंगी, 18 किलोची आमची पुण्याची गावठी कुत्री. फ्रान्समधल्या शेरबुर्गहून शनिवारची बोट, रविवारी सकाळी 11 ला आयर्लंडमधलं रॉसलेअर बंदर. तिची चिप, रेबीजची लस, प्राण्यांचा युरोपियन पासपोर्ट सगळं झालंय. इंग्लंडमार्गे जायचं नाही.

अडलंय ते पट्टकृमीच्या गोळीपाशी. आयर्लंडला पोचण्याच्या आधी 24 ते 120 तासांत ती डॉक्टरांनीच द्यायची आणि पासपोर्टवर तारीख-वेळ लिहायची. आम्ही बुधवारी पहाटे निघणार, म्हणजे इथे मंगळवारी संध्याकाळी 6 ला घ्यावी लागेल. हिशेबात बसतं, पण (आयर्लंडचं घड्याळ तासभर मागे, ते धरून) हातात जेमतेम 6 तास उरतात. वाऱ्यामुळे बोट दुसऱ्या दिवसावर गेली की गोळी बाद! त्यात बाईसाहेब मागच्या वेळी पनीर खाऊन गोळी तेवढी फरशीवर ठेवून गेल्या.

म्हणून शुक्रवारी फ्रान्समध्येच, काँ शहरात किंवा शेरबुर्गमध्ये द्यावी म्हणतोय. तिथल्या दोन दवाखान्यांना इंग्रजीत मेल केली, उत्तर नाही. फ्रेंच आम्हाला 'बोंजूर'पुरतं येतं.

तिकडे कुणी आपल्या कुत्र्याला ही गोळी देऊन घेतली आहे का? किती दिवस आधी वेळ घ्यावी लागते? आणि कुत्र्यांच्या केबिन संपल्यात, तर 17-18 तास तिला बोटीवरच्या पिंजऱ्यात ठेवावं की गाडीत? बोट सुटल्यावर गाडीपाशी जाऊ देत नाहीत, आणि एकटी राहिली की ती रडते.