मदत हवी आहे: ध्रुवावरच्या हवेतला पारा नेमका जातो कुठे?

पारा उतरला म्हणजे थंडी वाढली, तसलं नाही. मी खऱ्याखुऱ्या पाऱ्याबद्दल विचारतोय. कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला अलर्ट नावाचं ठाणं आहे. तिथे १९९५ च्या वसंतात हवेतल्या पाऱ्याच्या नोंदी अचानक कोसळल्या. एरवी घनमीटरला साधारण दीड नॅनोग्रॅम असणारी वाफ काही तासांत जवळपास शून्यावर! सोबत जमिनीलगतचा ओझोनही गायब.

इथवर समजलं: लांबलचक रात्र संपून ऊन आलं की समुद्री बर्फावरच्या क्षारांतून ब्रोमीन सुटतं, ते ओझोन खातं आणि पाऱ्याचं ऑक्सिडीकरण करतं. एरवी महिनोनमहिने हवेत भटकणारा पारा मग कशालाही चिकटतो आणि बर्फावर येऊन बसतो.

गाडी अडते ती पुढे. त्याच उन्हाने बर्फातला बराचसा पारा पुन्हा वाफ होऊन उडून जातो. मग वितळलेल्या पाण्याबरोबर समुद्रात जाऊन मासे, सील यांच्या अंगात उतरणारा वाटा कशावर ठरतो? समुद्राजवळच्या बर्फात क्लोराइड जास्त असतं, ते पाऱ्याला धरून ठेवतं का? आणि उन्हाळ्यात आर्क्टिकच्या हवेत पारा परत चढतो, त्यात नद्यांचा हात किती?

वातावरणाचं रसायनशास्त्र शिकलेलं कुणी समजावून सांगेल का? समीकरणं चालतील, पण जरा दमाने.