शब्दचर्चा : ओव्हरड्राइव्ह, डॉगलेग आणि 'पर्यायी' गिअरबॉक्स

प्रश्न

जुन्या युरोपीय स्पोर्ट्स गाड्यांवर मराठीत लिहितो आहे आणि तीन शब्दांपाशी अडलो आहे. एमजीबीच्या माहितीत 'फोर स्पीड विथ ओव्हरड्राइव्ह' असं येतं, त्याला सरळ 'पाच गिअर' म्हटलं तर चालेल का? 'डॉगलेग' गिअरबॉक्सला काय म्हणावं? आणि 'ऑप्शनल'साठी पर्यायी बरं की ऐच्छिक?

उत्तर

'पाच गिअर' कृपया लिहू नका. ओव्हरड्राइव्ह हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतात, आणि एमजीबीतला अर्थ पाचव्या गिअरचा नाही.

एमजीबी, ट्रायम्फ टीआर६, ऑस्टिन-हीली ३००० या ब्रिटिश गाड्यांत ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेलं एक स्वतंत्र युनिट. ते बनवायची शेफील्डची लेकॉक कंपनी आणि रचना द नॉर्मनव्हिल या अभियंत्याची, म्हणून नाव लेकॉक-द नॉर्मनव्हिल. आत सूर्यचाक, त्याभोवती ग्रहचाकं आणि बाहेर दातेरी कडं. सूर्यचाक रोखून धरलं की त्याच्याभोवती फिरणारी ग्रहचाकं बाहेरच्या कड्याला गिअरबॉक्सच्या शाफ्टपेक्षा जास्त फेरे देतात. चालवणाऱ्याला मात्र फक्त एक खटका दाबायचा असतो. क्लचला पाय नाही, गिअरच्या दांड्याला हात नाही. खटका पडला की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, झडप उघडतं, तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि गाडीचा वेग तोच राहून इंजिनाचे फेरे साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतात. १९५९ साली ब्रिटनमध्ये एम-वन हा मोटरवे सुरू झाला. तासन्‌तास एकाच वेगाने पळणाऱ्या चार गिअरच्या गाडीत हा फरक कानाला लगेच कळतो.

सुरुवातीच्या एमजीबींत हे युनिट तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गिअरवर चालायचं. म्हणजे पुढे जायला एकूण सहा गुणोत्तरं (इंजिनाच्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्यांची प्रमाणं). सुरुवातीच्या टीआर६ गाड्यांत ते दुसऱ्यावरही लागायचं, म्हणजे सात. तेव्हा 'पाच गिअर' हे मोजणीतही बसत नाही. 'चार गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह' असं लिहा, वाचकाला नीट कळतं. रिव्हर्समध्ये ते लागू नये म्हणून वेगळा स्विच दिलेला असतो, कारण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली तर युनिट मोडतं. पाचव्या गिअरबद्दल अशी काळजी कोणी घेत नाही. यावरूनही दोन्ही वस्तू वेगळ्या, हे दिसतं.

दुसरा अर्थ गुणोत्तराचा. ज्या गिअरमध्ये बाहेर जाणारा शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरतो, म्हणजे गुणोत्तर १ पेक्षा कमी असतं, तो ओव्हरड्राइव्ह गिअर. इथे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. बीएमडब्ल्यूची ई३० एम३ युरोपात विकली गेली तेव्हा तिचा पाचवा गिअर थेट होता, गुणोत्तर १.००. अमेरिकेतल्या एम३चा पाचवा ०.८१, म्हणजे ओव्हरड्राइव्ह. आता मागच्या डिफरन्शियलकडे, म्हणजे शाफ्टची गती मागच्या चाकांना देणाऱ्या दातेरी जोडणीच्या गुणोत्तराकडे पाहा. युरोपात ३.२५ आणि अमेरिकेत ४.१०. ४.१० ला ०.८१ ने गुणलं की ३.३२ येतात. टॉप गिअरमध्ये दोन्ही गाड्यांचं इंजिन जवळजवळ सारखंच फिरतं! म्हणून 'ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे गाडी लांबच्या प्रवासाला शांत' असं वाक्य डिफरन्शियलचा आकडा पाहिल्याशिवाय लिहू नये.

उत्तर

डॉगलेगबद्दल. कुत्र्याच्या मागच्या पायासारखं वळण असं त्या शब्दाचं मूळ आहे, पण 'श्वानपाद' वगैरे करू नका, कोणाला काही कळणार नाही. डॉगलेग हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे सांगा : पहिला गिअर डावीकडे मागे, त्याच्या समोर रिव्हर्स. दुसरा-तिसरा मधल्या रेषेत, चौथा-पाचवा उजव्या रेषेत.

पाच गिअरच्या पोर्शे ९११मध्ये १९७१ पर्यंत ही मांडणी होती. फेरारी ३०८, टेस्टारोसा, लँबॉर्गिनी काउंटाश आणि वर सांगितलेली युरोपीय एम३ यांचीही हीच. शर्यतीत पहिला गिअर सुटतानाच लागतो, नंतर सगळी धावपळ दुसऱ्या-तिसऱ्यात. ते एका सरळ रेषेत आले की दांडा आडवा न नेता नुसता मागे ओढायचा. फेरारीत तर दांडा चरे कापलेल्या धातूच्या पट्टीतून फिरतो, त्यामुळे ही आकृती डोळ्यांनी दिसते आणि प्रत्येक गिअरला 'टक्' असा आवाज येतो. शहरात मात्र पहिला-दुसरा सारखा करावा लागतो आणि तीच उडी आडवी पडते. १९७२च्या ९११पासून पोर्शेने नवा ९१५ गिअरबॉक्स घातला आणि पहिला नेहमीच्या जागी, पुढे आणला.

एक सूचना. इंग्रजीत 'अप' आणि 'डाउन' असतं म्हणून 'पहिला खाली' लिहू नका. आपल्याकडे वर-खाली म्हणतात ते पद्मिनीसारख्या स्टिअरिंगवर गिअर असलेल्या गाडीला. जमिनीतून येणाऱ्या दांड्याला पुढे-मागेच.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पर्यायी आणि ऐच्छिक राहिलंच.

उत्तर

माझ्या मते दोन्ही लागतील, पण वेगवेगळ्या ठिकाणी. एमजीबीचे चार गिअर तसेच ठेवून जादा पैसे देऊन ओव्हरड्राइव्ह घेता यायचा, तो ऐच्छिक. मर्सिडीजच्या पॅगोडा मालिकेत चार गिअरच्या मॅन्युअलऐवजी ऑटोमॅटिक किंवा झेडएफ या जर्मन कंपनीचा पाच गिअरचा मॅन्युअल मागवता यायचा. तिथे एक काढून दुसरा बसतो, म्हणून पर्यायी. पोर्शे ९१२मध्ये चारऐवजी पाच गिअर मिळायचे, तेही पर्यायी.

आणि 'सिंक्रोमेश (गिअर टाकताना चाकांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेला' असं लांबलचक लिहिण्यापेक्षा, तुमचे वाचक गाड्या चालवणारे असतील तर 'पहिल्याला डबल क्लच मारावा लागतो' लिहा. ३.८ लिटरच्या जग्वार ई-टाइपमध्ये तसंच होतं. गाडी चालू असताना पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. नाहीतर खरखर. १९६४च्या ४.२मध्ये चारही गिअरना सिंक्रोमेश आला.

प्रश्नकर्ता

शेवटचं विचारतो. पोर्शेचं स्पोर्टोमॅटिक कुठे घालू? क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचे.

उत्तर

'ऑटोमॅटिक'मध्ये घालू नका, नावावर जाऊ नका. १९६७ साली आलेल्या त्या ९११मध्ये दांड्याला हात लागला की विजेचा संपर्क जुळतो आणि निर्वाताच्या जोरावर क्लच आपोआप सुटतो. गिअर कोणता टाकायचा, हे चालवणाराच ठरवतो. 'बिनक्लचची, हाताच्या गिअरची' असं लिहा. 'बिनगिअरची' मात्र नको, तो शब्द आपण स्कूटरला वापरतो.