मदत हवी आहे: टीम कामं करते, पण एकमेकांशी बोलत नाही

जय ख्रिस्त! आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात आम्ही सातजण पुढारी, निमंत्रक मी. बैठक म्हणजे नुसती यादी: गाणी कोण घेणार, खुर्च्या कोण लावणार, संपलं. मध्यंतरी गिटार वाजवणारा मुलगा यायचाच बंद झाला. त्याचे वडील आजारी होते, हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, तेही बाहेरून!

बायबलमध्ये, मार्क ३:१४ मध्ये, येशूने बारा शिष्यांना नेमलं ते आधी सोबत राहायला. उपदेशाला पाठवणं नंतर. आमचं नेमकं उलटं. बैठकीचा पहिला अर्धा तास गप्पा-प्रार्थनेला ठेवला, तर दोघं घड्याळ बघत बसले. (एकदा मीही बघितलं.)

जबरदस्ती न वाटता जवळीक कशी वाढवायची? आणि मैत्री झाल्यावर चुकलं तिथे बोलायचं कसं? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.