मदत हवी आहे: जानेवारीतली दिल्ली, ७ किलोची बॅग आणि मधेच एक लग्न

काठपदर

नमस्कार मंडळी,

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पुण्याहून दिल्लीला जायचंय. गुरुवारी सकाळी उतरायचं आणि तिथून थेट कनॉट प्लेसला ऑफिसची मीटिंग. शुक्रवारी रात्री छतरपूरच्या एका फार्महाऊसवर कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न. शनिवार पूर्ण मोकळा, हुमायूनचा मकबरा आणि शेजारची 'सुंदर नर्सरी' नावाची बाग निवांत पायी बघायचं मनात आहे. रविवारी सकाळी परत.

तिकीट ऑफिसनं काढलंय आणि ते फक्त हातातल्या सामानाचं आहे. म्हणजे ७ किलोची एक बॅग, वर लॅपटॉपची सॅक. "पैसे भर, १५ किलो घे आणि सुट" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो इथे नको. पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभं राहायला वेळ नाही आणि मोठं धूड ओढत मीटिंगमध्ये शिरायची इच्छाही नाही.

काल सगळं पलंगावर काढलं आणि एकेक करून काट्यावर ठेवलं. रिकामी ट्रॉलीच २ किलो ८०० ग्रॅम! पैठणी, परकर, ब्लाऊज मिळून दीड किलोच्या आसपास. मीटिंगचे पंप शूज, लग्नासाठी कोल्हापुरी, चालायला बूट, असे तीन जोड. जाडा स्वेटर, जीन्स, दोन कुर्ते, शाल. सात कधीच उलटून गेले आणि दागिने, आंघोळीचं सामान अजून बाकीच आहे.

साडी नेसून कुडकुडायचं नाही आणि फोटोत रजई गुंडाळून उभी राहिल्यासारखंही दिसायचं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोर्डिंग_पास

आधी ट्रॉली घरी ठेवा, बाकीचं नंतर बोलू. ७ पैकी जवळजवळ ३ किलो चाकं आणि दांडाच खाणार असेल तर कपड्यांत ग्रॅम ग्रॅम वाचवून उपयोग काय? ३५ लिटरची साधी कापडी सॅक किंवा डफल किलोभरात येते. ती ५५ बाय ३५ बाय २५ सेंमीच्या मापात बसते का, हे मात्र भरल्यावर बघा. रिकाम्या सगळ्याच बसतात.

कोट आणि सगळ्यात जड बूट अंगावर घालून जायचे. विमान भरलेलं असलं की ऐनवेळी दारातच केबिन बॅगा काढून घेऊन खाली सामानाच्या कप्प्यात टाकतात, त्यामुळे दागिने, औषधं आणि पॉवर बँक लॅपटॉपच्या सॅकमध्येच ठेवा. पॉवर बँक खाली टाकायच्या सामानात मुळी चालतच नाही. आणि हो, पाऊचमधली छोटी कात्री आत्ताच काढून ठेवा.

करोलबागकर

पंचवीसेक वर्षं दिल्लीत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुमची काळजी थंडीची आहे, पण घात धुकं करेल. जानेवारीत सकाळची विमानं तासन्‌तास लटकतात. मीटिंग दुपारी ढकलता आली तर ढकला, नाहीतर बुधवारी रात्रीच या. रविवारी परतीलाही तेच, त्यामुळे एक दिवस जास्तीचं धरूनच आतले कपडे आणि गोळ्या घ्या.

दुसरं, इथली घरं आणि ऑफिसं आतूनही गारठलेली असतात. पुण्यात घरात शिरलं की बरं वाटतं, इथे उन्हात बरं वाटतं. दुपारी १८-२० अंश, रात्री ७-८ किंवा त्याहून खाली. आणि खरमास (संक्रांतीपर्यंतचा, लग्नं न करण्याचा महिना) संपला की लग्नांची नुसती झुंबड. छतरपूरचं फार्महाऊस म्हणजे हिरवळीवर मांडव. वरात रात्री दहाला आली तरी लवकर आली म्हणायचं, फेरे मध्यरात्रीनंतर. पेटवलेल्या शेगड्यांभोवती बायका आधीच जागा धरून बसलेल्या असतात.

म्हणून कोल्हापुरी अजिबात नको. हिरवळीवर दव पडलेलं असतं, चामडं भिजतं आणि बोटं बधिर होतात. टोकदार टाचा मातीत रुततात. सपाट टाचेचे, काळे, घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट एकच जोड आणा. मीटिंगला पँटखाली, लग्नात साडीखाली लोकरी मोज्यांवर आणि शनिवारी मकबऱ्यात. नवे मात्र नकोत, पायात रुळलेले हवेत.

तुमचं विमान टर्मिनल ३ ला उतरत असेल तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोनं शिवाजी स्टेडियम स्टेशनला उतरा, कनॉट प्लेस तिथून चालत आहे. (दिल्लीत मेट्रोतून पहिलं पाऊल पडायचं ते शिवाजी स्टेडियमला, मराठी माणसाला आणखी काय हवं!) टर्मिनल १ असेल तर तिथे मजेंटा लाईन आहे, ती वेगळी. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. २६ जानेवारीच्या संचलनाच्या तालमी सुरू झालेल्या असतात, रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. लग्नालासुद्धा पिवळ्या लाईनवर छतरपूर स्टेशन आहे. परतताना मात्र कुणाच्या तरी गाडीत जागा आधीच ठरवून ठेवा, तेव्हा मेट्रो बंद झालेली असेल.

पदरखोच

पैठणीचा मोह सोडा. रेशीम आणि जर मिळून वजन होतं, घडी जाड पडते आणि मांडवाबाहेर तिच्यावर कोट चढवला की काठ-पदर झाकलेच जाणार. महेश्वरी न्या. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. अंगावर हलकी, आणि काठ अंगभर दिसतो. आमच्या अहिल्याबाईंच्या गावची, त्यामुळे माहेरची मानायला हरकत नाही.

आता मुख्य युक्ती. ब्लाऊज नेऊच नका. बारीक विणीचा, अंगाला नेटका बसणारा, पूर्ण बाह्यांचा लोकरी हायनेक घ्या. गुरुवारी पँट आणि कोटात तो मीटिंगला, शुक्रवारी तोच साडीवर. वरून ठुशी. हायनेकवर ठुशी जी उठून दिसते ती उघड्या गळ्यावरही दिसत नाही, बघाच घालून. बाकी दागिना नको, कानात कुड्या पुरेत.

परकराऐवजी जाड लोकरी लेगिंग आणि त्यावर कमरेला रुंद इलॅस्टिकचा पट्टा, निऱ्या त्यात घट्ट बसतात. पण महेश्वरी थोडी पारदर्शक असते, तेव्हा साडी गडद रंगाचीच निवडा, नाहीतर लेगिंगचा आकार दिसेल.

साडीची चौकोनी घडी घालू नका. तीन पदरी लांब पट्टी करा, पट्टीच्या आत शाल ठेवा आणि सैलसर गुंडाळी करा. चुण्या फारशा पडत नाहीत. ज्या पडतील त्या हॉटेलची इस्त्री बघून घेईल.

सुपारी

एवढं सगळं ठीक, पण मैत्रिणीसाठी बाकरवडी वजनात धरली का? पुण्याहून लग्नाला जाताय म्हणून विचारतो.

काठपदर

सुपारी, धरलीये. अर्धा किलो, लॅपटॉपच्या सॅकमध्ये.

बोर्डिंग_पास, भाच्याची कापडी सॅक मागवली. करोलबागकर, मीटिंग तीन वाजता करून घेतली. धुक्याचं डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार.

पदरखोच, हायनेकची कल्पना फारच आवडली. माझ्याकडे काळा आहे. पण आईनं लगेच नाक मुरडलं: "काळं संक्रांतीला, लग्नात नाही." शिवाय पुण्यात धड कोट कुठे मिळेल? इथल्या दुकानांत एक तर पातळ जॅकेट, नाहीतर ट्रेकिंगची फुगीर.

पदरखोच

आईचं ऐका. लग्नघरातल्या कुणी काही बोललं नाही तरी तुमच्याच मनात ते राहील. वाईन किंवा बॉटल ग्रीन रंगाचा घ्या, दोन्ही रंग मीटिंगमध्येही शोभतात. आणि त्या रंगाच्या जवळपासची साडी शोधू नका, उलट मोहरी पिवळी किंवा राखाडी नेसा. सगळं एकाच रंगात केलं की गणवेश होतो.

करोलबागकर

कोट पुण्यात विकत घेऊच नका, एखाद्या परदेशी जाऊन आलेल्या नातेवाईकाचा मागा. सगळ्यांच्या कपाटात एक लोळत असतो. गडद निळा किंवा करडा, गुडघ्यापर्यंतचा. नाहीच मिळाला तर तिबेटी लोकांच्या स्टॉलवरचं जाड लोकरी जॅकेट घालून या आणि गुरुवारी संध्याकाळी सरोजिनी नगर मार्केट गाठा. तिथे हिवाळ्यात लांब कोटांचे ढीग लागलेले असतात. अस्तर आणि बटणं नीट तपासा, भाव निम्म्यावरून सुरू करा. परतताना तोच अंगावर.

शनिवारसाठी वेगळे कपडे घेऊ नका, जीन्स आणि एक कुर्ता बास. मकबऱ्यात ऊन असेल तोवर कोट हातातच राहील.

बोर्डिंग_पास

जीन्स विमानात घाला, मीटिंगची पँट सॅकमध्ये. जीन्स जड असते.

काठपदर

पण मग मीटिंगआधी पँट बदलायची कुठे?

बोर्डिंग_पास

उतरल्यावर विमानतळावरच, मेट्रोकडे निघायच्या आधी. बाहेर पडल्यावर धड जागा मिळत नाही.

करोलबागकर

आणि खोबरेल तेलाची बाटली आणू नका. इथे ती दगड होते, सकाळी चमच्यानं कोरावी लागते. क्रीमची छोटी डबी आणा आणि ओठांना काहीतरी, पहिल्याच दिवशी फुटतात.